खिडकी आधी, पट्टा नंतर

हेलिकॉप्टर पाण्यावर उतरलं तरी ते पाण्यावर सरळ राहील याची खात्री नसते. इंजिनं, गिअरबॉक्स, पंख्याची सगळी जोडणी असं जड सामान प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्याही वर असतं. समुद्र खवळलेला असेल किंवा आपटताना तोल गेला असेल, तर ते आडवं होतं आणि बघता बघता उलटं होतं. बाजूला फुगणारे फ्लोट असतात. ते सगळे वेळेवर फुगले तर उसंत मिळते. नाही फुगले तर आतला माणूस उलटा, पट्ट्यात अडकलेला, पाण्याखाली आणि बरेचदा अंधारात. आपटण्यातून वाचलेली माणसं नंतर आत बुडून गेली, हे अशा अपघातांच्या चौकशांमध्ये पुन्हा पुन्हा लिहिलं गेलंय.

म्हणून ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेल-वायूच्या कामावर, जाण्याआधी हे उलटणं प्रत्येकाला एकदा अंगावर घ्यावं लागतं. हेलिकॉप्टर अंडरवॉटर एस्केप ट्रेनिंग, आमच्या बोलण्यात ‘ह्यूएट’. मी मेडिक आहे. नर्सिंग करून काही वर्षं मुंबईत कॅज्युअल्टीत काढली आणि मग मुंबई हाय ह्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या एका प्लॅटफॉर्मवर कंत्राटदारामार्फत नोकरी मिळाली. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत. जायचं-यायचं जुहूहून, चॉपरनं. ऑफर लेटरबरोबर जी यादी आली त्यात पहिलीच ओळ ह्या कोर्सची होती: सर्टिफिकेट नाही तर फ्लाइटच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे प्रवाशांच्या यादीत, नाव नाही.

घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली, “तुला काय त्याचं, तू तर कृष्णेत वाढलास.” मलाही तसंच वाटत होतं. आमच्या गावाकडे पोरं पाचवी-सहावीत जायच्या आत विहिरीत सूर मारायला लागतात. पुरानंतरच्या गढूळ पाण्यातही मी पोहलोय. ह्या पोहण्याचा सरावाच्या त्या डब्यात काडीचा उपयोग नसतो, किंबहुना ते आड येतं, हे मला तिथे गेल्यावर समजलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

केंद्र नवी मुंबईत होतं. आमच्या बॅचमध्ये तऱ्हेतऱ्हेची माणसं होती: बिहारचे दोन वेल्डर, स्कॅफोल्डिंगवाले, एक नवा इंजिनिअर, कुडाळचा एक विशीतला पोरगा जो गॅलीत, म्हणजे जेवणाच्या खात्यात, कामाला लागणार होता, आणि एक पिकले केस असलेले क्रेन ऑपरेटर. सर्टिफिकेट चार वर्षं चालतं, मग रिफ्रेशर करावा लागतो. ते त्यासाठी आले होते. सगळे त्यांना काका म्हणायला लागले आणि मी मेडिक आहे कळल्यावर मला ‘डॉक्टर’. प्लॅटफॉर्मवर मेडिकला डॉक्टरच म्हणतात, कितीही समजावलं तरी.

सकाळी बीपी, वजन, फॉर्म. बीपी जास्त असलेल्याला पाण्यात उतरवत नाहीत. एक वेल्डर गोळी घेऊन आला होता आणि ते फॉर्मवर लिहायला तयार नव्हता, नोकरी जाईल म्हणून. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं की गोळी चालू आहे हे लिहिल्यानं नोकरी जात नाही, न लिहिता पाण्यात काही झालं तर मात्र सगळंच जाईल. त्यानं लिहिलं. त्याला उतरवलंही.

इन्स्ट्रक्टर सर नौदलातले निवृत्त डायव्हर होते. त्यांनी फळ्यावर आधी आपल्याच समुद्रातल्या हेलिकॉप्टर अपघातांच्या तारखा लिहिल्या. ११ ऑगस्ट २००३, एमआय-१७२, आत २९ जण, २७ गेले. नोव्हेंबर २०१५, रात्रीच्या लँडिंगचा सराव करणारं डॉफिन, दोन्ही वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८, जुहूहून निघालेलं डॉफिन, सातही जण गेले, अवशेष डहाणूच्या समोर समुद्रात सापडले. २८ जून २०२२, सागर किरण रिगपासून जवळच सिकोर्स्की एस-७६ पाण्यात गेलं. नऊजणांपैकी पाच वाचले, चार गेले. ह्या शेवटच्या अपघाताची बातमी मला चांगलीच आठवत होती. माणसांना रिगच्या बोटीनं आणि जवळ असलेल्या मालवीय-१६ जहाजानं पाण्यातून उचललं होतं. वर्गात त्या वेळी शांतता पसरली, कारण आम्ही सगळे नेमके त्याच वाटेनं जाणार होतो. काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या ओळखीचं त्यात कोणी होतं का, ते मी विचारलं नाही.

सरांनी घाबरवण्यासाठी हे सांगितलं नव्हतं. “यातलं वैमानिकाच्या हातात काय, मेकॅनिकच्या हातात काय, ते चौकशी बघेल,” ते म्हणाले. “तुमच्या हातात शेवटचं एक मिनिट आहे. तेवढंच शिकवायला मी इथे आहे.”

मग कोरडा सराव. वर्गातल्याच सीटवर बसून चार-बिंदूंचा पट्टा, म्हणजे दोन खांद्यांवरून आणि दोन कमरेला, लावायचा आणि उघडायचा. डोळे मिटून. डाव्या हातानं, उजव्या हातानं. काही बकल फिरवून उघडतात, काहींची वरची पट्टी उचलावी लागते, आणि प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये ती एकसारखी नसतात. गाडीच्या सीटबेल्टची सवय असलेला हात आपोआप कमरेच्या बाजूला चाचपडायला जातो, आणि इथे बकल पोटावर असतं. सरांनी ही गोष्ट सगळ्यांकडून इतक्या वेळा करून घेतली की शेवटी बोटं विचार न करता जायला लागली. ब्रेस पोझिशन, म्हणजे आपटण्याआधी अंग आवळून बसणं, लाइफ जॅकेटची ओढायची दोरी, तोंडानं फुगवायची नळी, शिट्टी, दिवा, सगळं असंच हातांनी.

जॅकेट आत असताना फुगवायचं नाही, यावर ते फार वेळ बोलले. फुगलेलं जॅकेट माणसाला वर ढकलतं. हेलिकॉप्टर उलटं झालेलं असेल तर वर म्हणजे केबिनची जमीन, सीटचे पाय, काही नाही. खिडकी त्याच्या खाली राहते आणि खाली जाता येत नाही. जीव वाचवणारं जॅकेटच माणसाला आत धरून ठेवतं.

दुपारनंतर तलाव. ओव्हरऑल, बूट, जॅकेट, हेल्मेट घालूनच पाण्यात. आपला समुद्र गरम, म्हणून आमचा कोर्स उष्ण प्रदेशाचा होता आणि थंडीपासून वाचवणारा सूट नव्हता. उत्तर समुद्रात त्या सूटशिवाय कोणाला चॉपरमध्ये पाऊल टाकता येत नाही. मार्च १९९२ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या ईशान्येला कॉर्मोरंट अल्फा प्लॅटफॉर्मवरून वादळी रात्री उडालेलं सुपर प्यूमा हेलिकॉप्टर लगेचच पाण्यात गेलं. सतरापैकी अकरा जण गेले, आणि त्यातले काही जण बाहेर पडून समुद्रात तरंगत होते. त्यांना थंडीनं नेलं. बर्फासारख्या पाण्यात पडल्या क्षणी माणूस धापा टाकायला लागतो, ते त्याच्या हातात नसतं, आणि श्वास रोखण्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते. आपल्याकडे ही अडचण नाही. पण पावसाळ्यातल्या अरबी समुद्राच्या लाटा आपल्याकडे आहेत, आणि उलटण्याला लाटच पुरते.

उंचावरून उडी, राफ्टमध्ये, म्हणजे फुगणाऱ्या तराफ्यात, चढणं, उलटा पडलेला राफ्ट दोरी धरून अंगाच्या भारानं सरळ करणं, एकमेकांना धरून घोळका करून तरंगणं, हे सगळं झालं. त्यात दमछाक होते, बाकी विशेष काही नाही. एकच सांगण्यासारखं: ओलं ओव्हरऑल आणि बूट घालून राफ्टमध्ये चढणं धडधाकट माणसाला जमत नाही म्हणून रडू येईल इतकं अवघड असतं. काका पहिले चढले, कारण त्यांना माहीत होतं की आधी पाण्यात स्वतःला खाली दाबायचं आणि मग त्या उसळीवर वर यायचं. त्यांनीच बाकीच्यांना पाठीमागून जॅकेटला धरून ओढून घेतलं.

मग तो डबा. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा, आत सीट, खिडक्या, पट्टे, आणि वर क्रेन. क्रेन तो पाण्यावर टेकवते, बुडवते आणि गोल फिरवून उलटा करते. आत आमच्याबरोबर डायव्हर, बाहेर डायव्हर.

पहिल्यांदा डबा सरळच बुडवतात. पाणी पायाशी येतं, गुडघ्याशी, मांडीवर. कमरेशी आलं की मेंदू पट्टा उघडायला सांगतो. उघडायचा नाही. एक हात खिडकीच्या चौकटीवर, एक बकलवर. पाणी छातीशी आलं की शेवटचा श्वास. पाणी डोक्यावरून जातं, हलणं थांबतं, मग खिडकी ढकलायची, चौकट घट्ट धरायची, आणि त्यानंतर पट्टा.

हा क्रम का, ते मला पाण्यातच नीट उमगलं. पट्टा आधी उघडला की अंग तरंगायला लागतं. मग खिडकी ढकलायला गेलात की खिडकी हलत नाही, तुम्हीच मागे जाता. आणि एकदा सीटपासून सुटलात की खिडकी डावीकडे होती की उजवीकडे, वर कुठे, खाली कुठे, सगळं जातं. पट्ट्यात बांधलेला आहात तोवर तुम्ही हेलिकॉप्टरचा भाग आहात. बसताना खिडकी डाव्या हाताशी होती, तर उलटं झाल्यावरही ती डाव्या हाताशीच असते.

उलट्या फेरीत हे प्रकर्षानं कळतं. डबा फिरताना पाणी थेट नाकात घुसतं, कारण नाकपुड्या वर झालेल्या असतात. कपाळाच्या आत काहीतरी टोचल्यासारखं दुखतं. घसा आवळतो. कॅज्युअल्टीत मी बुडालेली माणसं पाहिलीयत, घशाचं हे आवळणं पुस्तकातून शिकलोय. ते स्वतःच्या घशात घडताना मात्र पुस्तक आठवत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटतो. डोळे उघडे होते पण बुडबुड्यांच्या पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. आणि तिथे माझं पोहणं जागं झालं. पाण्याखाली गेलेला पोहणारा माणूस काय करतो? पाय मारतो आणि वर जातो. माझे पाय हलायला निघाले होते. पण वर जमीन होती. वाट होती ती बाजूला, डाव्या हाताखाली, जिथे चौकटीची कड बोटांना लागत होती. मी फक्त त्या कडेवर लक्ष ठेवलं. हलणं थांबलं. कोपरानं खिडकी ढकलली, ती गेली. चौकट धरली. बकल फिरवलं. हातानं स्वतःला ओढून बाहेर काढलं, पाय न मारता, कारण मागच्या सीटवरच्याचं डोकं तिथेच असतं.

वर आल्यावर काका म्हणाले, “डॉक्टर, नाकातून पाणी काढा, बसा जरा. पोहता येणाऱ्यांना हे जास्त जड जातं, माझंही तसंच झालेलं.” काका रेवदंड्याचे, समुद्राकाठचे.

कुडाळच्या पोराला पोहता येत नव्हतं. पहिल्या उलट्या फेरीत तो खिडकीपर्यंत हात नेऊन गोठला आणि डायव्हरनं त्याला बाहेर काढलं. काठावर बसून तो थरथरत होता. पाणी थंड नव्हतं. सर त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुला पोहायचं नाहीये. तुला फक्त हात सोडायचा नाहीये.” त्याला पुन्हा सरळ बुडवण्यापासून सुरुवात करून दिली, घाई न करता. संध्याकाळपर्यंत तो मधल्या सीटवरून, शेजाऱ्याच्या खिडकीतून, उलट्या डब्यातून स्वतः बाहेर आला. मधल्या सीटचा माणूस सगळ्यात अडचणीत असतो: आधी खिडकीजवळचा बाहेर जायला हवा, मग ह्यानं एक हात सीटवर, दुसरा पुढच्या आधारावर, असं हातापाठोपाठ हात टाकत चौकट गाठायची. तेवढा वेळ श्वास पुरवायचा.

श्वास पुरवायचा कसा, याचं उत्तर म्हणजे ईबीएस, जॅकेटला लावलेलं छोटं श्वासयंत्र. आम्हाला दिलं ते दाबाखालची हवा भरलेल्या छोट्या बाटलीचं होतं. तोंडात धरायचं, नाक दाबायचं, आत फुंकर मारून पाणी काढायचं आणि शांतपणे श्वास घ्यायचा. आधी तलावाच्या उथळ भागात, उभ्यानं, तोंड पाण्यात घालून. वर येताना मात्र श्वास रोखायचा नाही, हवा सोडत यायचं. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि दीड-दोन मीटरवरूनही रोखलेल्या श्वासानं वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. हे सर सांगत होते तेव्हा मी बॅचला मराठीत आणि हिंदीत पुन्हा सांगितलं, कारण काही चेहऱ्यांवर ते पोचलेलं दिसत नव्हतं.

कुडाळच्या पोरानं तिथे एक प्रश्न विचारला. “सर, ह्याच्यात हवा आधीच भरलेली असते, की आपण फुंकतो तीच परत घ्यायची?”

नवा इंजिनिअर हसला. सर हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि २३ ऑगस्ट २०१३ चा सुपर प्यूमाचा अपघात सांगितला. शेटलंडच्या दक्षिण टोकाला, सम्बरा विमानतळाकडे येताना, ढग खाली आलेले. इंजिनं ठीक, गिअरबॉक्स ठीक. हेलिकॉप्टरचा वेग कमी कमी होत गेला, वैमानिकांचं उपकरणांवर पुरेसं लक्ष राहिलं नाही, आणि ते समुद्रात पडून जवळजवळ लगेच उलटलं. आत अठरा जण होते, चार प्रवासी गेले. त्या प्रवाशांना श्वासयंत्र दिलेलं होतं. ते अशा प्रकारचं होतं की त्यात आपण सोडलेली हवा पिशवीत जाऊन परत घ्यायची, पण शिवाय त्यात स्वतःची थोडी हवाही भरलेली होती. म्हणजे पाण्याखाली जाण्याआधी छातीभर श्वास घ्यायला मिळाला नसला, तरी ते उपयोगी पडलं असतं. चौकशीत निघालं की उड्डाणाआधी दाखवायच्या व्हिडिओत ही भरलेली हवा सांगितलेलीच नव्हती. श्वास भरून घेतला तरच हे चालतं, अशी ज्याची समजूत, तो अचानक पाण्याखाली गेल्यावर त्याला हात कशाला लावेल?

पोराचा प्रश्न तोच होता. गळ्यात हवा बांधलेली असून ती आहे हे माहीत नसणं, याइतकी वाईट गोष्ट मला ह्या सगळ्या विषयात दुसरी दिसत नाही. यंत्र बनवणाऱ्यानं बनवलं, कंपनीनं विकत घेतलं, माणसाच्या अंगावर चढवलं, आणि एक वाक्य राहिलं.

त्या अपघातानंतर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणानं २०१४ मध्ये नियम बदलले. समुद्र फार खवळलेला असेल तर उड्डाण नाही. चांगल्या प्रतीचं श्वासयंत्र नसेल तर प्रवासी फक्त ढकलून उघडणाऱ्या खिडकीशेजारीच बसवायचे, मग सीट रिकाम्या गेल्या तरी चालतील. आणि २०१५ पासून प्रवाशांच्या खांद्यांची रुंदी मोजायला लागले. २२ इंच किंवा जास्त भरली की त्या माणसाला मोठ्या खिडकीजवळची सीट, कारण छोट्या खिडकीतून तो पाण्याखाली बाहेर निघेलच असं नाही. हे वाचल्यावर मी आमच्या प्लॅटफॉर्मवरच्या आडव्या अंगाच्या रिगरचा, म्हणजे जड सामान उचलण्याचं काम करणाऱ्याचा, विचार केला. तो नेहमी मागे, कोपऱ्यात, जिथे जागा मिळेल तिथे बसायचा.

ह्यूएटनं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एप्रिल २००९ मध्ये स्कॉटलंडमधल्या पीटरहेडसमोर सुपर प्यूमाच्या मुख्य गिअरबॉक्समधला गिअर तुटला, पंखा सुटला, सोळाच्या सोळा गेले. त्याच जातीचं बिघडणं २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत टुरॉय बेटाजवळ पुन्हा दिसलं: गिअरच्या आत पडलेली चीर, मुख्य पंखा हवेतच वेगळा झाला, तेरा गेले. तिथे खिडकी, पट्टा, श्वास, कशाचाच प्रश्न आला नाही. ते अपघात कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयांत थांबवायचे असतात.

कॅनडाचा न्यूफाउंडलंडचा अपघात मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. १२ मार्च २००९. सिकोर्स्की एस-९२, अठरा जण. गिअरबॉक्सच्या ऑइल फिल्टरची वाटी धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड (बोल्टसारखे खिळे) तुटले आणि तेल वाहून गेलं. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात असाच बिघाड झाला होता. स्टड बदलून पोलादी लावा, अशी हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीची सूचना जानेवारीतच निघाली होती, पण मुदत १२५० उड्डाण-तास किंवा एक वर्ष अशी ऐसपैस होती. तेल गेल्यावरही हा गिअरबॉक्स अर्धा तास चालेल असा समज होता. तो सुमारे अकरा मिनिटं टिकला. शेपटीच्या पंख्याची जोडणी गेली आणि हेलिकॉप्टर गोठवणाऱ्या पाण्यात आपटलं. सतरा गेले. एकच जण वाचला. त्या प्रवाशांकडे सूट होते, पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन नव्हतं. ते तिथे अपघातानंतर काही महिन्यांत देण्यात आलं. पोलादी स्टडची सक्तीही अपघातानंतर लगेच आली.

एक वर्षाची मुदत काही दिवसांवर येऊ शकत होती, हे सतरा जण गेल्यावर सिद्ध झालं. ज्यांनी आधीची मुदत ठरवली त्यांना मी दुष्ट म्हणत नाही. पण त्या टेबलावर त्या मार्गानं रोज जाणारा एखादा वेल्डर किंवा गॅलीतला पोरगा बसलेला असता, तर त्यानं एक वर्ष मान्य केलं असतं का?

२०१२ मध्ये याच्या उलट घडलं, तेही सांगायला हवं. मे आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर समुद्रात दोन ईसी-२२५ हेलिकॉप्टरांना गिअरबॉक्सचा इशारा मिळाला आणि वैमानिकांनी ती पाण्यावर उतरवली. फ्लोट फुगले, हेलिकॉप्टर सरळ राहिली, एकात चौदा आणि दुसऱ्यात एकोणीस जण होते, सगळे वाचले. आतला शाफ्ट चिरला होता. माणसं राफ्टमध्ये होती. इशारा वेळेवर, निर्णय वेळेवर, समुद्र सोसवण्याजोगा, हे सगळं जुळलं की अपघाताची फक्त एक नोंद होते.

कोर्स संपल्यावर सर्टिफिकेट घेऊन मी थोड्याच दिवसांत जुहूला गेलो. वजन, सामानाचं वजन, ओळखपत्र, जॅकेट, व्हिडिओ. व्हिडिओ चालू असताना माझ्या आजूबाजूची बरीच माणसं मोबाइलवर होती. घरी शेवटचा फोन करायची तीच वेळ असते, कारण पुढे रेंज जाते, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण त्यातल्या निम्म्या लोकांना व्हिडिओची भाषा नीट कळत नव्हती आणि उरलेल्यांना तो पाठ झाला होता. मी बसल्या बसल्या पट्टा लावला, बकल कसं उघडतं ते दोनदा करून बघितलं, खिडकीची चौकट डाव्या हाताला लागते की नाही ते पाहिलं, खिडकी कुठून ढकलायची ती पट्टी शोधली. शेजारच्यानं विचारलं, “पहिलीच वेळ काय?” मी सांगितलं, हे दर वेळी करणार आहे. तेव्हापासून करतोच.

प्लॅटफॉर्मवर मेडिकला आठवड्यातून एकदा आरोग्याची माहिती द्यायची असते: उष्माघात, हात धुणं, पाठीचं दुखणं. सेफ्टी ऑफिसरची परवानगी घेऊन मी त्यात चॉपरचा विषय आणला. गॅलीत, जेवणं उरकल्यावर, टेबलावर एक जुनं जॅकेट आणि सरावाचं श्वासयंत्र ठेवून. हिंदीत, मराठीत, आणि एक तेलुगू बोलणारा फिटर त्याच्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगायचा. मी भाषण करत नाही. प्रत्येकाच्या हातात यंत्र देतो आणि विचारतो: ह्यात हवा आहे का? कुठून येते? तोंडात घातल्यावर आधी काय करायचं? वर येताना काय? जो चुकतो त्याला शेजाऱ्यानं सांगायचं. पहिल्या वेळी बरेच जण चुकले, आणि ती सगळी सर्टिफिकेट घेतलेली माणसं होती. चार वर्षांपूर्वी घेतलेला धडा हातातून निघून जातो. कोर्समध्ये बोटं शिकली होती, मध्ये कोणी बोटांना विचारलंच नव्हतं.

कुडाळचा पोरगा आता त्याच प्लॅटफॉर्मवर आहे. नवा माणूस आला की यंत्र त्याच्या हातात देऊन प्रश्न तोच विचारतो, मी नाही.

आडव्या अंगाच्या रिगरचं मी हेलिडेकवरच्या, म्हणजे चॉपर उतरतं त्या डेकवरच्या, लोकांशी बोललो. सीट ठरवण्याचा अधिकार त्यांचा. नियमात आपल्याकडे खांदे मोजणं बसतं की नाही हा वाद त्यांनी घातला नाही. म्हणाले, खिडकीजवळ बसवायला काय जातंय. पुढच्या क्रू चेंजपासून, म्हणजे माणसांच्या पाळीबदलापासून, तो मोठ्या खिडकीशेजारी बसतो. हे त्या माणसांच्या भलेपणावर चाललंय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ते लेखी व्हावं. कंत्राटदाराचा माणूस असो की कायम नोकरीतला, सगळ्यांना सारखंच श्वासयंत्र, सारखाच तलावातला सराव, आणि ब्रीफिंग त्याला कळणाऱ्या भाषेत, व्हिडिओनंतर एकदा हातात देऊन.

तुमच्या घरातलं कोणी ऑफशोअरला जात असेल, तर पुढच्या वेळी तो निघण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. जॅकेटला श्वासयंत्र असेल तर त्यात हवा आधीच भरलेली असते का. आणि उलटं झाल्यावर आधी काय, खिडकी की पट्टा. उत्तर द्यायला तो थांबला, तर त्याच्या सेफ्टी ऑफिसरकडे पुन्हा सराव मागायला सांगा. मागितला तर मिळतो, निदान आमच्याकडे तरी मिळाला.